पवित्र गुरुवारचे पाय

आमच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधी येणाऱ्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. गुरूनं खाली बसायचं आणि शिष्यांच्या पायाची धूळ काढायची, केवढी नम्रता! आणि आम्ही बारामतीची माणसं काय करतो? घरून पाय धुऊन येतो. नुसते धुऊन नाही हं, वज्रीनं टाचा घासून, नखं कापून, वर व्हॅसलीन चोपडून. एका वर्षी पिंपळीचे एक काका मोटरसायकलवर पायाला धूळ बसेल म्हणून दोन्ही पावलांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आले होते. आमचे फादर वसईकडचे, तोंडानं फटकळ. म्हणाले, "अहो, मग मी धुवू काय?" सगळे हसले. पुढच्या वर्षी पुन्हा सगळे चकाचक पाय घेऊन हजर!

मला या गोष्टीचं फार कुतूहल. माणूस पाय धुवायला सहज वाकतो, पण पाय पुढं करायचा म्हटलं की असा का चोरतो? प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानंसुद्धा आधी नाहीच म्हटलं होतं. मी फादरना एकदा विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा एकदा यादीत, मग कळेल." मी विषय बदलला.

सिस्टर म्हणजे मी चर्चची सिस्टर नव्हे, दवाखान्याची. इंदापूरला सरकारी दवाखान्यात नर्स होते, निवृत्त झाल्यावर बारामतीत राहायला आले. चर्चमधली पाय धुवायची यादी करायचं काम माझ्याकडं. बाराजणांची नावं काढायची, कुणाचा मान राहिला, कोण रुसलंय ते बघायचं. स्वतःचं नाव मी कधीच घातलं नाही. लोक म्हणायचे, बाई किती नम्र. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

खरं कारण वेगळं होतं. माझ्या उजव्या पायाची करंगळी नाही. साखर आहे मला, बरीच वर्षं. बूट चावला, फोड आला, मी म्हटलं होईल बरा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र गप्प बसले, आणि पुण्याला जाऊन बोट काढायची वेळ आली. इथं सगळ्यांना सांगितलं, बहिणीकडं गेले होते. तेव्हापासून बारा महिने मोजे आणि बूट. कुणी विचारलं तर संधिवात. चर्चमध्ये निम्म्या लोकांची साखर मी तपासते, गोड खाताना दिसलं की हातातली वाटी काढून घेते. त्याच सिस्टरचं बोट साखरेनं गेलं हे कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. हीच माझी भीती होती, दुसरी कुठलीच नाही.

मग त्या वर्षी घोळ झाला. यादीतले कोऱ्हाळ्याचे गुरुजी आलेच नाहीत. सकाळी न्हाणीघरात पाय घासता घासता घसरले म्हणे, कंबर धरली. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडलेल्या आणि शेवटची रिकामी. फादरनी माईकवरूनच सांगितलं, "सिस्टर, तुम्ही या."

सगळं चर्च माझ्याकडं बघायला लागलं. नाही म्हणायला काही सुचेना, सुचलं तरी सगळ्यांसमोर बोलायचं कसं? जाऊन बसले. मनात म्हटलं, देवा, एवढी वेळ निभावून ने, पुढच्या वर्षीपासून यादीचं काम सोडते. देवाशी असा सौदा करणारी बाई दुसऱ्यांना नम्रता शिकवते, बघा म्हणजे!

फादर एकेकापुढं गुडघ्यावर बसत पुढं सरकत होते. त्यांच्याबरोबर पाण्याचा तांब्या, घमेलं आणि टॉवेल घेऊन मावशी. ही मावशी इंदापूरला माझ्याच वॉर्डात आया होती. आता लेकाकडं काटेवाडीला असते, दर गुरुवारी जीपनं येऊन चर्च झाडून जाते. वॉर्डात मी पुढं, ती मागं. मी इंजेक्शन द्यायची, ती भांडं उचलायची. तिला मी कमी बोलले नसेन. ती एकदाही उलटून बोलली नाही, आणि रडलीसुद्धा नाही. मला तेव्हा वाटायचं, हिला लागतच नाही काही.

फादर माझ्यापुढं बसले. मी उजवा पाय खुर्चीखाली ओढला.

"फादर, पुढं जा," मी हळूच म्हटलं.

"तुम्ही शेवटच्या आहात, सिस्टर. पुढं कुठं जाऊ?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. फादर वाट बघत बसले. तेवढ्यात मावशीनं तांब्या खाली ठेवला, माझ्या बुटाची नाडी सोडली आणि मोजा अलगद काढला. वॉर्डात पेशंटचं काढावं तसंच. फादर बोटाच्या जागेकडं बघत राहिले.

"धुवा, फादर," मावशी बारीक आवाजात म्हणाली. "जखम भरलीया, पाणी चालतंय."

फादरनी पाय धुतला, पुसला, ओठ टेकवले. पहिल्या दोन ओळींतल्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. एका बाईनं शेजारणीला नुसतं विचारलं, "अगं, सिस्टरलापण साखर?" तेवढंच. उलट मिस्साची प्रार्थना संपल्यावर पिंपळीचे काका जवळ आले, स्वतःची चप्पल काढली आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्या अंगठ्याला पण मुंग्या येतात. तुमी ओरडाल म्हणून सांगितलं न्हाय." आईशप्पथ, मला जमिनीत जावंसं वाटलं.

मी मावशीला शोधत मागच्या पडवीत गेले. ती नळाखाली घमेलं घासत होती.

"तुला कसं कळलं गं?"

"कशाचं?"

"बोटाचं."

"चालण्यावरनं," ती म्हणाली. "इतकी वर्सं तुमच्या मागनं चालले की मी. तुमचं पाऊल मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी झाकून ठेवलं हुतं, मी कशाला उघडू? आज उघडायचंच हुतं, म्हणून काढला मोजा."

मी तिथंच पायरीवर बसले. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांत बाराजणांच्या यादीत मी मावशीचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं. का, तर तांब्या कोण धरणार? नम्रतेच्या विधीची यादी करणारी मी, आणि माझ्या हातून हे!

"तुला वाईट नाही वाटलं कधी?" मी विचारलं. "यादीत नाव नाही म्हणून?"

तिनं जरा विचार केला. मला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच आठवून बघत होती.

"न्हाय बा. माझं ध्यान पाण्याकडं असतं. सांडलं की फादर घसरत्याल."

याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही चर्चमध्ये नम्रतेवर प्रवचनं ऐकतो, त्यागावर गाणी म्हणतो. हिला त्यातलं काही आपल्याकडं आहे याचा पत्ताच नव्हता.

मी घमेल्यात पाणी घेतलं. "बस," म्हटलं, "आज मी धुते." मनात सगळी तयारी होती. ती नको नको म्हणेल, पदर तोंडाला लावेल, पाय मागं घेईल, मग मी हट्ट करीन, दोघी रडू.

मावशीनं बादली पालथी घातली, तिच्यावर बसली, लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय सरळ माझ्या हातात दिला. टाचेला भेगा, नखांत माती, दिवसभराची धूळ. इतक्या वर्षांत आमच्या चर्चमध्ये धुवायला आलेला हा पहिला मळलेला पाय.

मी धुतला. टॉवेल घेतला, तशी ती वाकून म्हणाली, "बोटांच्या मधनं नीट पुसा, सिस्टर. तितं वल राह्यली की चिघळतं."

मी ओला झालेला चष्मा काढून बाजूला ठेवला आणि एकेक बोट पुसलं.