फणेरपेटी

अकरावीला लातूरच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'कास्केट' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मी हात वर केला. "फणेरपेटी, सर."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. "कास्केट म्हणजे शवपेटी. मढं ठेवायची. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. खोलीवर गेल्या गेल्या मैत्रिणीचा जाडजूड कोश काढला. पहिला अर्थ दागिने, पत्रं ठेवायची छोटी पेटी, असाच होता. मूळ बहुधा फ्रेंच, तेही नक्की नाही. मढ्याच्या पेटीला हे नाव अमेरिकेत फार नंतर पडलं.

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. माय गेली. गावात शवपेटी कुणी पाहिली होती? पडक्या घरांच्याच तुळया ओढून आणल्या आणि सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. चार दिवसांनी बाबांना मातीखाली तिची शिसवी फणेरपेटी सापडली. आरसा फुटलेला. आत फणी, कुंकू आणि मामाचं एक पत्र.

शेजारी म्हणाले, "टाकून दे बाबा. मढ्यासंगची वस्तू हाय."

"न्हाई," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीची हाय."

शनिवारच्या चाचणीत तो शब्द आला. मी फणेरपेटीच लिहिलं. सरांनी लाल रेघ मारली आणि बरोबर अर्थ दहादा लिहून आणायला सांगितला. मी दहादा 'दागिन्यांची छोटी पेटी' लिहून नेलं. सोबत कोशही नेला.

सरांनी तो उघडलासुद्धा नाही. "परीक्षेत काय येतं ते मला ठाऊक आहे. तुला डॉक्टर व्हायचंय की पंडित?"

"आधी बरोबर लिहायचंय, सर."

"उद्यापासून खालच्या बॅचला बस."

जिन्यात मला रडू फुटलं. कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून बाबांना सांगितलं आणि विचारलं, "माफी मागू का?"

"कशापायी? खोटं लिहिलीस का?"

"न्हाई."

"मग बस खालीच. तिथंबी शिकवतेतच की."

दोन्ही वर्षं मी खालच्या बॅचला काढली. डॉक्टर झाले नाही; नांदेडला नर्स झाले. त्या सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.