बिरोबाच्या मांडवावरची वावटळ

तरुणपणी मला देव आहे याची खात्री होती, पण तो माझ्याकडे बघत असेल असं कधी वाटलं नाही. आमच्या जतकडच्या माळावर माणूस फार लहान दिसतो. चारी बाजूंनी क्षितिज, मधे कुठंतरी बाभळ, आणि उन्हात तरंगणारी मेंढरं; लांबून बघितलं तर ती चालतात की पाण्यावर वाहतात ते कळत नाही. एवढ्या पसाऱ्यात एका माणसाच्या हातांवर कोण नजर ठेवणार, असं मनात धरून मी एक काम केलं. आज वय झाल्यावर ते लिहून ठेवतो आहे, कारण गावात ती गोष्ट अजून चुकीची सांगितली जाते आणि ती चूक माझ्यामुळे रुजली.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास आमच्या बिरोबाच्या देवळापुढे पत्र्याचा मांडव होता. उन्हाळ्यात बायका रानात गेल्या की पोरं त्याच्या सावलीला झोपायची. वैशाखात आमच्याकडे वारं पिसाळतं. वळवाच्या आधी धुळीची वावटळ उठते आणि घरांची छपरं मागते, असं म्हातारी माणसं म्हणत. म्हणून चैत्र सरता सरता मांडवावरून केकताडाच्या वाखाचे जाड दोर आडवे टाकायचे आणि दोन्ही टोकांना मोठमोठे धोंडे बांधून ते अधांतरी लोंबत ठेवायचे, अशी रीत होती. पहिला दोर टाकण्याचा मान आमच्या भावकीचा. त्या वर्षी तो थोरल्या घराचा की धाकट्या घराचा यावरून वाद पेटला. थोरल्या घरात माझा चुलतभाऊ सिदाप्पा, त्याला मी आण्णा म्हणायचो. धाकट्या घरात मी. वाद चावडीपर्यंत गेला, वैशाख लागला, आणि दोर देवळाच्या कोपऱ्यात तसेच पडून राहिले.

एके दिवशी सकाळी बघतो तर आण्णानं एकट्यानंच सगळे दोर टाकून धोंडे बांधलेले. माझ्या अंगाची आग झाली.

"कुणाला इचारून बांधलंस आण्णा?"

"वाऱ्याला इचारून," तो हात झटकत हसला. "आभाळाचा रंग बघ की गड्या. मान काय, पुढच्या साली तू घे. आन् पायजे तर हलगी लावून घे."

सगळे हसले. ते हसू मी दिवसभर चघळत बसलो. दुसऱ्या दिवशी मेंढरं रानात गेल्यावर देवळात कुणी नव्हतं. मी धोंडे हळूच जमिनीवर टेकवले आणि एकेक गाठ सोडली. दोर जागच्या जागी राहू दिले; जवळ गेल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. रविवारी देवाच्या वारी सगळा गाव जमला की गाठी आपोआप सुटलेल्या दिसतील, आणि देवानं सिदाप्पाचा मान नाकारला असं मी मोठ्यानं म्हणेन, असा माझा बेत होता. देवाच्या नावानं खोटा कौल लावायचा होता मला. निघताना मी त्याला नमस्कारसुद्धा केला.

रविवार यायचाच होता. त्याआधीच एका दुपारी मी माळाच्या उतारावर मेंढरं राखत होतो. वारा पडला होता. इतका, की मेंढरांच्या श्वासाचा आवाज येत होता. उन्हाला पिवळी झाक आली, जणू कुणी आभाळात भंडारा उधळला होता. मग पश्चिमेला ढगाच्या पोटातून एक सोंड हळूहळू खाली उतरली आणि जमिनीवरची धूळ तिला भेटायला वर गेली. ते दृश्य सुंदर होतं, हे सांगताना आजही लाज वाटते. मी बघतच राहिलो. सोंड डुलत डुलत गावाकडे वळली तेव्हा मला आठवलं, की माझी सहा वर्षांची गंगी मांडवात झोपली आहे.

मी पळालो. पाय जमिनीला लागत नव्हते की जमीनच पायाखालून सरकत होती, कोण जाणे. कडब्याच्या गंजी काडी काडी होऊन वर चालल्या होत्या. एक अख्खं छप्पर पाखरासारखं माझ्या डोक्यावरून गेलं. मग पत्रे उडाले. तो आवाज मी ऐकला, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून देवाचं नावही निघेना. कुठल्या तोंडानं घेणार?

वावटळ गेल्यावर देवळापाशी पोचलो. मांडव नव्हता. खांब पिळवटलेले, पत्रे माळभर विखुरलेले, एक बाभळीच्या खोडात रुतलेला. पोरांची वाकळ तिथंच पडली होती, धुळीनं भरलेली आणि रिकामी. मी तिच्याशेजारी बसलो. शोधायचं बळ नव्हतं. पहिल्यांदाच मी त्या देवाला काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. फक्त म्हणालो, आता तू बघ.

तेवढ्यात देवळामागच्या ओघळीतून मेंढरू ओरडलं. जाऊन बघतो तर खोल ओघळीत एक अनोळखी कळप दाटीवाटीनं बसलेला, आणि त्या लोकरीच्या मधोमध आमची पोरं, केस धुळीनं पांढरे, पालथी निजलेली. गंगीनं एका मेंढीच्या मानेला मिठी मारली होती.

"आबा," ती म्हणाली, "ती बाई म्हणली, बर्री बर्री. आमाला ओढीतच आनलं. आन् डोकी खाली करा म्हणली."

बर्री म्हणजे कानडीत या. "कुठली बाई?"

"कानडी. कपाळावर भंडारा हुता की तिच्या."

बाई दिसली नाही. मी पोरांना वर काढून घरोघरी पोचवेपर्यंत कळपही निघून गेला होता. सीमेपलीकडचे कळप आमच्या माळावरून जातच असतात, त्यातलीच ती असेल. आभाळ ओळखलं, सुरक्षित जागा ओळखली आणि दुसऱ्याची लेकरं आपल्या मेंढरांत घातली. ती कोण होती याचा मी खल करत नाही.

गावातली निम्मी छपरं गेली होती, भिंती बसल्या होत्या, जनावरं मेली होती. दुसऱ्या दिवशी पंच बसले. मांडव कसा उडाला हा सवाल निघाला.

"सिद्या, गाठी मारल्या हुत्यास का नवरीला मुंडावळ्या बांधल्या हुत्यास रं?" कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही. "पोरं मेली असती की!"

आण्णानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "चुकलं माझं." मी गंगीला मांडीवर घेऊन बसलो होतो. माझे ओठ हलले नाहीत. आठवड्याभरात तो बायकोसह मेंढरं घेऊन कर्नाटकाकडे गेला आणि परत आला नाही. आमच्याकडे अजून ढिली गाठ मारली की तिला सिदाप्पाची गाठ म्हणतात.

आण्णा वारल्याचं कळलं तेव्हाही मी गेलो नाही. यंदा मात्र त्याच्या घरी गेलो. वहिनी दारात बसून शेंगा फोडत होती.

"वैनी, मांडवाचं दोर मी सोडलं हुतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही. "पंचांत तुमचं तोंड बघूनच वळाकलं हुतं त्यांनी."

"मग बोलला का न्हाई?"

"मी बी लय भांडले. तर म्हणलं, पोरगी आत्ताच म्हागारी आलीया. तिच्या बापाला गाव हुसकावंल, मग ती कुणाकडं बघंल? आपल्याला काय, मेंढरं हायती, माळ हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं, रडताय काय म्हातारपणी? हात धुवा. भाकरी टाकते."

पुढच्या रविवारी मी देवळात सगळ्यांसमोर हे सांगितलं. नंतर गावातल्या तरण्या पोरांनी एवढंच ठरवलं, की इथून पुढे दोर टाकायला मान नको. चैत्रात ज्याला सवड होईल त्यानं ते टाकावेत आणि दुसऱ्यानं गाठी ओढून बघाव्यात. मला ते पटलं. आभाळ आपल्या हातात नाही, गाठ आहे. आपली गाठ नीट मारून झाली की बाकीचं देवावर सोडावं. मी गाठच सोडून बसलो होतो, आणि तरी त्यानं माझं लेकरू राखलं.

इतकी वर्षं त्या कानडी बाईला मी देवाची कृपा मानत आलो. ती होतीच. पण पंचांपुढे मान खाली घालून बसलेला आण्णा मला दिसत असूनही ओळखू आला नव्हता. आता संध्याकाळी दिवा लावताना देवाच्या आधी त्याचं नाव तोंडी येतं. देवाला त्याचं वाईट वाटत नसावं.