देवाचे साडेपाच चौरस फूट

आमच्या नव्या फ्लॅटमध्ये देवाच्या मालकीची साडेपाच चौरस फूट जागा आहे. आधी ती आठ होती. मधले अडीच फूट कुठे गेले ते सांगतो, पण माझ्या शाळेत कुणाला बोलू नका. मी तिथे गणित शिकवतो.

कल्याणची आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधली. तोवर आम्ही आंबिवलीला भाड्याने राहिलो, आणि शेवटी एकदाच्या चाव्या हातात आल्या. आम्ही ख्रिस्ती, त्यात माझी आई पक्की दशांशवाली. जे मिळेल त्याचा दहावा भाग देवाचा. मग तो पगार असो, तिच्या शिवणक्लासची फी असो, नाहीतर कुणी दिलेले दहा आंबे असोत. (अकरावा आंबा आला की आमच्याकडे धर्मसंकट!) चाव्या बघून ती म्हणाली, "चारशे तीस फूट. म्हणजे देवाचे त्रेचाळीस."

"आई, फ्लॅटचा कुठे दशांश असतो?"

"का? फ्लॅट काय तू खिशातून आणलास?"

माझी बायको करुणा मेथी निवडता निवडता थांबली. त्रेचाळीस फूट म्हणजे अख्खं बाथरूम आणि वर थोडा पॅसेज. त्या जागेत आपली वस्तू ठेवायची नाही, देवाच्या नावाने जो दारात येईल त्याने तिथे बसायचं, असं आईचं म्हणणं. मी घासाघीस सुरू केली. साडेतीनशे फूट तर आपले आधीपासूनच होते. नवे मिळाले ते ऐंशी. दशांश मिळकतीवर द्यायचा ना?

आईने विचार केला. "बरं. आठ."

त्रेचाळीसचे आठ! इथे गप्प बसायचं की नाही? पण जिंकलेल्या माणसाची जीभ कुठे गप्प बसते. मी म्हणालो, "पण कार्पेट एरियावर हं. बिल्टअपवर नाही."

आईने चष्मा कपाळावर चढवला. "पगाराचा दशांश तू कशावर देतोस रे, सुहास? कापायच्या आधीच्या पगारावर, की हातात येतो त्यावर?"

मी पाणी प्यायला उठलो. (हातात येतो त्यातूनही मी विम्याचा हप्ता आणि दूध वजा करायचो. एकदा तर स्कूटरचा टायरसुद्धा. उरलेल्याचा दशांश मात्र चोख.)

शनिवारी सामान हलवलं. चार वाजता आमच्या चर्चचे पाळकसाहेब नव्या घराच्या प्रार्थनेला येणार होते. दोनला आम्ही पोचलो, आणि आई दाराबाहेर स्टूल मांडून बसली.

"आधी घर मोज, मग देवाचा वाटा आख. त्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. नाहीतर मला आंबिवलीला नेऊन सोड."

आंबिवलीची खोली आम्ही सकाळीच मालकाला परत दिलेली. आई हट्टाने काय काय करू शकते ते मी लहानपणापासून बघत आलोय. एकदा ती माझ्या काकांच्या घरात नऊ वर्षं गेली नव्हती.

"घर कशाला मोजायचं?" मी म्हणालो. "आकडा कागदावर आहे की."

"तो बिल्डरचा आकडा आहे. देवाला उधारीचा आकडा द्यायचा नाही."

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सोसायटीच्या कमिटीने मोजमाप तपासायला मलाच पाठवलेलं. गणिताचा मास्तर ना! बिल्डरच्या ऑफिसात एसी होता, कोल्ड कॉफी होती. एका इंजिनीअरने भिंतीवर लाल दिवा मारून दाखवला, आकडा सांगितला, आणि मी बेचाळीस फ्लॅटच्या कागदावर सही करून आलेलो. कॉफी दोनदा घेतली होती.

मी आईची शिवणाची टेप घेऊन हॉलमध्ये उभा राहिलो आणि पाठ केलेलं ओरडलो, "लांबी चौदा फूट!"

"तू वाकला नाहीस," बाहेरून आवाज आला.

मग वाकलो. चौदाचे तेरा निघाले. पुन्हा मोजलं, तेराच. बेडरूम मोजली, किचन मोजलं. टेम्पोवाला सोफा घेऊन दारात ताटकळला होता. "मावशी, जरा पाय घ्या ना." मावशींनी पाय घेतले नाहीत. मी ओट्यावर बेरीज केली. चारशे पाच.

पहिला विचार काय आला सांगू? देवाचे आठाचे साडेपाच झाले म्हणून मला आनंद झाला. देवाचे अडीच गेले, तर माझे साडेबावीस गेले, हे दुसऱ्या मिनिटाला डोक्यात शिरलं. तिसऱ्या मिनिटाला बेचाळीस फ्लॅट आठवले आणि मी बेरीज पुन्हा करून बघितली.

करुणा जवळ आली. "अहो, घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय."

साडेतीन वाजले होते. मी ठरवलं, बोलायचं नाही. चारशे तीसच सांगायचे, देवाला आठ द्यायचे, विषय संपला. खिडकीजवळ, जिथे माझी नवी आरामखुर्ची मांडायची होती नेमकं तिथे, मी शिवणाच्या खडूने चौकोन आखला. मन खात होतं, म्हणून आठाचे नऊ केले. तरी खात होतं, म्हणून दहा.

"झालं आई. ये आता. बघ, दहा फूट दिले. खिडकीजवळ."

आई हलली नाही. तिने दारातूनच तो चौकोन बघितला, मग मला बघितलं.

"तू देवाला जास्त दिलंस?"

"हो."

"मागितलं नसताना?"

"हो."

"सुहास," आई हळू आवाजात म्हणाली, "काय लपवलंयस?"

तेवढ्यात लिफ्ट उघडली. पाळकसाहेब, आणि मागे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमचे चेअरमन नाना. इथली जमीन मूळ नानांच्या घरची, त्यामुळे इथल्या प्रत्येक फुटाशी त्यांचं नातं. आई स्टुलावरून उठली नाही. पाळकसाहेब घड्याळ बघायला लागले. आईला आत आणायला मला एकच रस्ता उरला होता, आणि तो नानांसमोरून जात होता.

"चारशे पाच भरतंय," मी म्हणालो. "मी तेव्हा मोजलंच नव्हतं. नुसती सही केली."

पेढ्यांचा बॉक्स नानांनी पुन्हा काखेत घेतला आणि ते त्यांच्या गावच्या बोलीत कडाडले, "आरं इजार-शर्ट घालून फिरतंस नं मास्तर म्हून? बेचाळीस घरांचं वाटोलं केलंस तू."

मला रडू येईल असं वाटत होतं. मग आई उठली, चपला काढल्या, आत आली, पदराने माझा चौकोन पुसला आणि स्वतः वाकून साडेपाचचा आखला. "जास्त नको," ती म्हणाली. "चोरी झाकायला दिलेलं देव घेत नाही." करुणाने डोळे पुसले आणि चहा टाकला. प्रार्थना साडेचारला झाली. पगाराचा निकालही त्याच दिवशी लागला: कापायच्या आधीचा.

नानांनी बिल्डरला नोटीस काढायची ठरवली, पण त्याआधी सगळे फ्लॅट नीट मोजायला हवे होते. कमिटीने ते काम एकमताने आईकडे दिलं. पुढचा आठवडाभर ती टेप घेऊन मजल्या-मजल्यावर फिरली आणि तिच्यामागे वही धरून मी. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते माझ्याच नववीच्या वर्गातल्या मुलीने. तिने आईला बघितलं, मला बघितलं.

"आजी, क्षेत्रफळ काढायला दोन माणसं लागतात?"

"नाही गं बाळा," आई म्हणाली, "मोजायला मी एकटी पुरते. ह्याला सोबत आणलाय, म्हणजे तेवढ्यात कुठे सही करून येणार नाही."