बसूच्या चाकाचं नाव

फोन आला तेव्हा मी एका मळ्यात ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मालकाच्या लेकीचं नाव रंगवत होतो. पलीकडून माझ्या मित्राचा, बसवराजचा पुतण्या बोलत होता. "काका, बसूअण्णा गेले... सकाळी शटर उघडताना छातीत कळ आली. दवाखान्यात न्हेईपतोर संपलं सगळं." मी फोन खिशात ठेवला आणि उरलेली दोन अक्षरं पूर्ण केली. दुसरं काही सुचलंच नाही. ब्रश धुतला, डबा बंद केला आणि मग खाली बसलो. त्याला आता सात आठवडे झाले. एवढ्या दिवसांत घरीही न सांगितलेली एक गोष्ट इथे लिहितो आहे, कारण ती एकट्याने घेऊन बसणं मला आता जमत नाही.

बसू आणि मी नळदुर्गात एका बाकावर शिकलो. त्याने वडिलांचं वेल्डिंगचं वर्कशॉप पुढे चालवलं, मी चित्रकलेचा मास्तर झालो; सुट्टीत त्याच्याकडच्या ट्रॉल्यांवर, टँकरांवर नावं टाकायचो. त्याच्या वडिलांपासूनचा शिरस्ता होता, की नाव टाकल्याशिवाय कुठलंही चाक फाटकाबाहेर जायचं नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बसू तर हट्टीपणात वडिलांच्या वरताण होता. मला तो 'पेंटर' म्हणायचा. लहानपणच्या तापात माझा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला, त्यावरून मला चिडवायचा हक्क जगात फक्त त्याला होता.

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात एका चाकाच्या सायकलीचं खूळ शिरलं. मुलाने पुण्याहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता: कमरेइतकं उंच चाक, त्यावर सीट, आणि त्यावर बसून एक माणूस घाटरस्त्याने निघालेला. असलं चाक इथे मिळणार कुठे? याने लोखंडी पट्टी वाकवून रिम केली, दोन जुने टायर कापून एक केला, स्पोकही हातानेच केले. सीटच्या उंचीसाठी शिंप्यासारखं सुतळीने स्वतःच्या पायाचं माप घेतलं. "ही दुकानातून आणायची वस्तू न्हाय पेंटर. ज्याची त्याच्या पायावर बेतायची," म्हणायचा. साखळी नाही, गिअर नाही. पायडल थेट चाकाला. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून चाक जितकं मोठं तितकी वाट जास्त कापली जाते. अठ्ठावन्नाव्या वर्षी भिंत धरून, गुडघे सोलून घेत तो ती शिकला. आवारात गोल गोल फिरायचा आणि टायरचा सांधा प्रत्येक फेऱ्याला फरशीवर टक वाजायचा.

लोक तिला सर्कशीची सायकल म्हणू लागले तेव्हा तो जाम भडकला. "सर्कशीतली बारकी जागच्या जागी घुमती. ही गावाला जाती. दोघींना एकच नाव कसं?" त्याला आपल्या एकट्या सायकलीपुरतं नाव नको होतं, असल्या सगळ्या मोठ्या चाकांना हाक मारता येईल असं हवं होतं. मी म्हटलं, एकचाकी. "मग सिमेंट वाहायच्या ढकलगाडीला काय म्हणू?" भीमचाकी म्हटलं तर हसून हसून त्याला ठसका लागला. नाव ठरलं की मी ते सीटखालच्या दांड्यावर टाकायचं आणि त्याने अणदूरच्या खंडोबापर्यंत जाऊन यायचं, असा बेत होता. रोज विचारायचा, "सुचलं का?" मी म्हणायचो, "बघू..."

सुचलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात सुचलं होतं. वाटचाकी. आणि मी ते सांगितलं नाही. का, हे लिहायला लाज वाटते. मला त्याचा हेवा वाटत होता. आयुष्यभर तो माझ्या पायाच्या बेताने माझ्यासोबत चालला. आता तो उंचावर बसून निघून जाणार आणि मी ब्रश घेऊन फाटकाशी उभा राहणार, हे मला सोसवेना. नाव माझ्यापाशी होतं तोवर तो फाटकाच्या आत होता. म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. मग म्हटलं, संक्रांतीनंतर... तो आवारातच फिरत राहिला आणि एका सकाळी संपला. आता घरात जरा शांत बसलं की तो सांध्याचा आवाज येतो. टक... टक... मी फेरे मोजायला लागतो. बायको म्हणते, नळ ठिबकत असेल. उठून बघतो तर नळ बंद असतो.

मागच्या सोमवारी बसूच्या पत्नीने, महादेवीवहिनींनी, बोलावून घेतलं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली दुसरं चाक होतं. सीट बसवायची राहिली होती. पायडलची डावी दांडी उजवीपेक्षा आखूड होती, बरोबर दोन बोटं. माझं माप त्याने कधी घेतलं, देव जाणे.

"तुमची हाय ती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हणलं, नाव मिळंना तर तसंच जावा की अणदूरला. तर म्हणले, पेंटरला नाव कवाच सुचलंय, सांगंना झालाय. त्याची बी तयार होऊ दे, मग आपसूक सांगंल."

मी तिथेच पायरीवर बसून रडलो. मग त्यांना सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं तसंच. त्या आत जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणि माझाच एक विसरलेला ब्रश घेऊन आल्या. त्याच्या सायकलीच्या दांड्यावर मी नाव लिहिलं. अक्षरं काही धड आली नाहीत.

रंग वाळल्यावर वहिनींनी स्वतः फाटक उघडलं. चालवणारं कुणी नव्हतं. सीटला धरून मी चाक ढकलत निघालो. रिकामी पायडलं चाकाबरोबर फिरत होती. एक वर, एक खाली, कुणाचे तरी पाय त्यांवर असल्यासारखी. फाटक मागे पडलं. समोर हायवेवरून ट्रक जात होते. उतार होता, चाक ओढ घेत होतं आणि माझी लंगडी पावलंही त्यामागे भराभर पडू लागली. तेवढ्यात वहिनी धावत आल्या आणि त्यांनी सीट धरली.

"हळू घ्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आवारातच फिरलेत ते. रस्त्याची सवय न्हाय त्यांना."