तुळशीजवळची जागा

लग्न लागत असताना मुलीच्या आईनं ते पाहायचं नसतं. भटजींनी अंतरपाट धरला की तिनं मांडवातून उठायचं, तुळशीपाशी जायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं दृष्ट लागते, कुणी म्हणतं आईचं रडणं मुलीच्या कानावर नको. बडोद्याच्या मराठी घरांत भाजीला शाक म्हणायला लागून पिढ्या झाल्या, पण हा रिवाज मात्र कुणी सोडला नाही. रमा गुप्ते हिच्या लग्नाच्या अल्बममध्ये अक्षता पडतानाच्या एकाही फोटोत तिची आई नाही. लहानपणी संपदा, म्हणजे रमाची मुलगी, अल्बम उघडून विचारायची, "आजी कुठंय?" आणि रमा मोठ्या ऐटीत सांगायची, "तुळशीपाशी. तुझ्या लग्नात मीपण दिसणार नाही."

घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या गल्लीत, गुप्त्यांचं दोन मजल्यांचं घर. थोरला लक्ष्मण सरकारी कचेरीत, धाकटा हेमचंद्र नंदेसरीच्या एका कारखान्यात इंजिनियर. आजोबा गायकवाडी अमदानीत वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे अधिकारी होते. तो मोठेपणा घरात अजून पुरवून पुरवून वापरला जायचा. थोरल्या सुनेला, दुर्गाला, मूल नव्हतं. धाकटी रमा एका शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिला ही एकच मुलगी.

नव्वद सालानंतर बडोद्यात परदेशाची साथच आली म्हणा ना. ज्याच्या त्याच्या तोंडी कॅनडा नाहीतर न्यू जर्सी. हेमचंद्राच्या कारखान्यातले तिघं लागोपाठ कॅनडाला गेले आणि याला इथं बसवेना. पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा घाई रमाला होती. तिला तिची स्वतःची चूल हवी होती, स्वतःची गाडी हवी होती, आणि वहिवाटदारांच्या तसबिरीखाली रोज पोळ्या लाटायच्या नव्हत्या. यात वाईट काही नव्हतं. चौऱ्याण्णव साली व्हिसा आला तेव्हा संपदा चार वर्षांची होती.

"तिकडं ना घर ना नोकरी," हेमचंद्र म्हणाला. "त्या थंडीत पोरीला कुठं फरफटत न्यायचं? आधी आपण बस्तान बसवू. सहा महिन्यांत तिला नेऊ."

रमाला ते पटलं. न पटलेली एकटी दुर्गा. रमा पेटी भरत होती तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "रमा, मी सांभाळीन गं, त्याची फिकर नको करू. पण मूल आईच्या सोबत उपाशी राहिलं तरी चालतं. घेऊन जा तिला."

"वहिनी, तुम्हाला त्रास होणार असेल तर तसं सांगा," रमा म्हणाली.

असं बोलायला नको होतं. मूल नसलेल्या बाईला पोराची जबाबदारी नको असेल, असं तिच्या मनात आलं होतं आणि ते शब्दांत उतरलं. दुर्गा उठली आणि संपदाचे कपडे स्वतःच्या कपाटात लावायला लागली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. टोरंटोजवळ एका गुजराती कुटुंबाच्या घराखालचं तळघर त्यांना भाड्यानं मिळालं. खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. हेमचंद्राच्या डिग्रीला तिथं कुणी विचारेना, तेव्हा तो एका मॉलमध्ये पहारेकरी झाला. रमा पावाच्या कारखान्यात पाव पिशव्यांत भरायला लागली. दर रविवारी फोन व्हायचा. फोन शेजाऱ्यांकडे होता, तिथं दुर्गा संपदाला आंघोळ घालून, वेणी घालून आधीच नेऊन बसवायची.

"आई, बस्तान बसलं का?"

"नाही गं राणी, अजून नाही."

"अजून उभंच आहे?"

दोघी हसायच्या. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. दरम्यान ओजसचा जन्म झाला. आता बाळ थोडं मोठं होऊ दे, मग घर घेऊ, मग तिला आणू, असं प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं, आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी अगदी खरं असायचं. हीच तर त्यातली मेख होती. एखादं जरी कारण खोटं असतं तर रमानं स्वतःला तेव्हाच पकडलं असतं.

पुढं तिला एका पाळणाघरात काम मिळालं. शिक्षिकेचा अनुभव तिथं कामी आला. सकाळी आया मुलांना सोडून जायच्या, मुलं दाराला चिकटून रडायची, आणि रमा त्यांना जवळ घेऊन सांगायची, संध्याकाळी आई येणार हं. संध्याकाळी आया यायच्यासुद्धा. चार वर्षांच्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधताना रमाला रोज वाटायचं की आपण काहीतरी भलतंच करतो आहोत. पण पाळणाघर चांगलं होतं, मालकीण चांगली होती, आणि नोकरीवरून घरी आल्यावर ओजस होता. माणूस कशातही रुळतो, तशी ती रुळली.

संपदा आठ वर्षांची झाली तेव्हा ते तिला न्यायला आले. स्टेशनवर दुर्गानं तिच्या हातात थेपल्यांचा डबा दिला आणि सांगितलं, "आईचं ऐकायचं." संपदा अजिबात रडली नाही. हेमचंद्राला त्याचं कौतुक वाटलं. रमाला भीती वाटली.

तिकडच्या घरात संपदा पाहुण्यासारखी वागायची. पाहुणी म्हणून ती फार चांगली होती. स्वतःचं ताट उचलायची, अंथरुणाची घडी घालायची, आणि दर वेळी विचारायची, "आई, मी फ्रिज उघडू?"

एकदा रमा कामावरून वैतागून आलेली. तिचा तोल गेला. "तुझंच घर आहे ना हे? विचारायचं काय त्यात?" ती ओरडली. त्या दिवसापासून संपदानं फ्रिजचं विचारणं सोडलं. तिला काही हवं असलं की ती चिमुरड्या ओजसला पुढं करायची. हे रमाच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले, आणि आलं तेव्हा ती न्हाणीघराचं दार लावून रडली. पण मुलीजवळ जाऊन बसली नाही. काय बोलायचं हेच तिला कळेना. दुसऱ्यांची रडकी मुलं चुटकीसरशी हसवणारी बाई घरात मुकी झाली.

हिवाळ्यात संपदानं जेवण जवळजवळ सोडलं. शाळेतून तक्रारी यायला लागल्या. बडोद्याला जाणारी ओळखीची मंडळी होती. हेमचंद्र म्हणाला, एवढं वर्ष तिला तिकडं पाठवू, पुढं बघू. रमानं दुर्गाला फोन केला.

"नको पाठवू गं," दुर्गा कळवळून म्हणाली. "थोडा टाइम दे तिला. इथून गेली तेव्हा पहिले चार दिवस मीपण जेवले नाही, मग जेवायला लागलेच ने? तीपण जेवेल. रजा काढ आणि तिच्या सोबत घरी बैस."

रजा मागितली असती तर मिळाली असती. रमानं मागितली नाही. संपदा घरातून गेली त्या दिवशी घर हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं रमा स्वतःला कधीच माफ करू शकली नाही. दोन वेळा दुर्गानं पोर आईला परत द्यायला पाहिलं आणि दोन्ही वेळा आईनंच ती तिच्या पदरात टाकली. यात दुर्गाचा दोष तो काय? तिनं तर नावसुद्धा चोरलं नाही. संपदा तिला शेवटपर्यंत काकूच म्हणत राहिली. आई हा शब्द दुर्गानं जपून, झाकून, कॅनडासाठी ठेवला होता. पोळातली माणसं मात्र कशाला ऐकतात! शेजारच्या बा सगळ्यांना सांगायच्या, "आ तो दुर्गाबेननी दीकरी." ही तर दुर्गाचीच मुलगी.

ते वर्ष पुढं कधी संपलं नाही. एका रविवारी, संपदा दहाबारा वर्षांची असेल, फोनवर आत्येबहिणीच्या लग्नाचं वर्णन करत होती. मध्येच म्हणाली, "आई, लग्न लागताना मुलीच्या आईला बघायचंच नसतं, माहितेय? म्हणजे माझ्या लग्नात तू नाही आलीस तरी चालेल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पोरीनं सरळ हिशेब मांडला होता. रमाच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तरी तिनं हसून सांगितलं, "नाही हं, मी येणार. तुळशीपाशी आईच लागते."

आणि त्या दिवसापासून ती जागा रमानं मनात धरून ठेवली. कांजिण्या हुकल्या, दहावीचा निकाल हुकला, मुलगी मोठी झाली तेव्हा तिला जवळ घेऊन चार गोष्टी सांगायच्या, त्याही हुकल्या. प्रत्येक वेळी रमा स्वतःला समजवायची की असू दे, ती एक जागा आपली आहे. ती कुणी दुसरं घेऊ शकत नाही. इतकी वर्षं तिनं काढली ती याच आधारावर, असं म्हटलं तरी चालेल. पाळणाघरातली तिची मैत्रीण मोहना, मूळची नागपूरची, तिला हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

संपदाचं लग्न दोन हजार बाराच्या हिवाळ्यात ठरलं. मुलगा उन्मेष, बडोद्याचाच. रमा तीन आठवडे आधी आली. घरात कामाची धांदल होती, पण तिच्या हाताला काम लागेना. ब्लाउज कोणत्या शिंप्याकडे, नवऱ्या मुलीला कोणती गोळी चालत नाही, हळदीला कुणाला बोलवायचं, सगळं दुर्गाला माहीत. रमा विचारायची आणि लोक प्रेमानं सांगायचे, "तू बस ने निरांते, आराम कर, थकून आलीस." एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, फ्रिज उघडू?" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. संपदा तिथंच मेथी निवडत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

कन्यादानाचा विषय दुर्गानंच संपवला. "कन्यादान तुम्हा दोघांनीच करायचं," ती ठणकावून म्हणाली. लक्ष्मणनंही मान डोलावली. रमाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, वहिनींनी इतकं मोठं मन केलं, तर तुळशीचं वेगळं काय बोलायचं? ते ओघानंच आपल्याकडे येणार.

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि हाक दिली, "मुलीच्या मातोश्रींनी तुळशीपाशी जावं." रमा उठली. शालूचा पदर सावरून ती गर्दीतून मागच्या ओसरीवर आली. तिथं कुंडीत तुळस होती. आणि तुळशीपाशी दुर्गा उभी होती, हॉलकडे पाठ करून, दोन्ही हातांत तांब्या धरून.

आत पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

"वहिनी," रमा म्हणाली.

दुर्गानं मागं पाहिलं. तिचा चेहरा रडून सुजला होता. "तू कशाला आलीस गं? जा, तू बघ. आपली संपदा काय सुंदर दिसतेय. मला नाही बघवत. मी कधीची इथं येऊन उभी आहे."

तिनं काही बळकावलं नव्हतं. भटजींची हाकसुद्धा तिनं ऐकली नव्हती. तिच्या पायांनी तिला इथं आणलं होतं. रमाचा हात तांब्याकडे गेला. मागितला असता तर दुर्गानं तो तात्काळ दिला असता, वर दहा वेळा माफी मागितली असती. पण तांब्या रिकामा होता. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, आणि दुर्गा तो तसाच तुळशीवर वाकडा धरून उभी होती.

रमानं तांब्या घेतला. कोपऱ्यातल्या नळावर तो काठोकाठ भरला, परत आली आणि दुर्गाच्या हातात ठेवला.

मग ती आत गेली. कुणीतरी तिच्या हातात अक्षता दिल्या. मंगलाष्टकं म्हणणारी बाई, अंतरपाटाच्या वर दिसणाऱ्या संपदाच्या मुंडावळ्या, उन्मेषचं चुळबुळणं, सगळं अगदी समोर. "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला, संपदानं हार घातला आणि लगेच मान वळवून मागच्या ओसरीच्या दाराकडे पाहिलं. रमा तिच्यासमोरच उभी होती. तिनं इतरांसारख्या अक्षता टाकल्या. पुढं कन्यादानाला तिला बसवलं. तो मान होता, आणि मान काय, पाहुण्यालाही देतात.

टोरंटोला परतल्यावर ती पुन्हा कामावर गेली. मुलं दुपारची झोपली होती. मोहनानं तिला हळू आवाजात विचारलं, "कसं झालं लग्न? तुला तर काहीच दिसलं नसेल बिचारीला. तुळशीपाशी होतीस ना?"

एका मुलाचं पांघरूण सरकलं होतं. ते रमानं नीट केलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला सगळं दिसलं."