फोटोवरची लाल तारीख

आधीच सांगून टाकतो, चूक मोठ्या काकांची. पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं काही वाटलं, तर ते तुमच्यापाशीच ठेवा.

आमचं गाव मूल शहराजवळ. आम्ही ढीवर, मासोळीवर जगणारे. गावचा तलाव आधी एका ठेकेदाराकडं होता, मग आमच्या मच्छीमार सोसायटीला मिळाला. नेम असा, की दिवाळीनंतर सगळ्या गावानं एकाच दिवशी जाळी घेऊन उतरायचं. त्याआधी कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. आम्ही नेम पाळत बसायचो आणि ठेकेदाराची माणसं येऊन मासोळी उपसून न्यायची! विचारलं तर, "आमी? आमी तं इकडं आलोच नाई!"

शेवटी कोर्टात केस टाकली. पुरावा हवा होता. मी एका सकाळी तलावाकाठच्या बेशरमाच्या झुडपात दबा धरून मोबाईलवर फोटो काढला. ठेकेदाराचा माणूस, जाळं, टोपलीभर रोहू, सगळं लख्ख! कॅमेऱ्याचा मोबाईल गावात एकच, काकांचा. मी कॉलेज सोडल्यापासून काका चारचौघांत माझी ओळख करून देत, "हे आमचं वाया गेलेलं." म्हटलं, आता दाखवतोच.

पण काका! गावात लोडशेडिंग, म्हणून फोन झाला की बॅटरी काढून उशीखाली.

"काका, बॅटरी काऊन काढता?"

"ठेवली तं चार्जिंग सांडते ना पोट्ट्या! तुहा बाप येऊन भरून देईन काय?"

माझा बाप शेजारीच बसला होता. तोही हसला. मोठ्या भावापुढं दुसरं काय करणार?

आता बॅटरी काढली की त्या फोनची तारीखच पुसली जायची. फोटोवर पडली एक जानेवारी, सन दोन हजार. आणि दोन हजार साली तलाव कोणाकडं होता? ठेकेदाराकडं! म्हणजे फोटो आमचा, फायदा त्याचा.

"वकिलाले सांगू नोको," काका म्हणाले. "थो आपल्यालेच झापन. तूच पाय काईतरी."

मी पाहिलं ना! कॉम्प्युटरचा कोर्सही मी अर्धाच केला होता, पण तेवढ्या अर्ध्यात हे बसत होतं. मूलच्या स्टुडिओत बसून जुनी तारीख पुसली, खरी घातली. लाल रंगात, चांगली ठसठशीत. काकांनी जन्मात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. "डोस्कं हाय बे तुले!"

कोर्टात समोरच्या वकिलानं फोटो उलटसुलट पाहिला. "छान. मूळ फोन आणलाय?"

काकांनी ऐटीत एका खिशातून फोन काढला, दुसऱ्या खिशातून बॅटरी.

फोन सुरू झाला. त्यातल्या फोटोवर सन दोन हजार. कागदावर लाल तारीख.

"यातली खरी कोणती?"

"लाल," मी म्हणालो.

"ती कोणी घातली?"

"मी."

एवढं खरं मी शाळेतही बोललो नव्हतो! मागं ठेकेदाराचा माणूस खुदखुदत होता. फोटोतलाच शर्ट घालून आला होता.

जजसाहेब म्हणाले, "बॅटरी काढली की तारीख जाते. माझ्याही फोनची जाते. एवढंच सांगितलं असतं तर?"

मी काकांकडं पाहिलं. काका छताच्या पंख्याकडं.

फोटो खरा होता. तारीखही खरी होती. ती घालणारा हात तेवढा माझा होता.

केस गेली. दिवाळीनंतर गाव तलावात उतरलं, तेव्हा जाळ्यात शिंपले आले. त्या वर्षी आम्ही मासोळी मूलच्या बाजारातून विकत आणून खाल्ली.