सिंकला पाजलेली पेज

तुंबलेल्या सिंकमध्ये मी एकदा भाताची पेज ओतली होती. चुकून नव्हे, औषध म्हणून. गरम पाण्याने नळी मोकळी होते असं कुठंतरी ऐकलं होतं. पेज आयतीच गरम, मग वेगळं पाणी तापवून गॅस कशाला जाळा? लहानपणी वह्यांना कव्हरं चिकटवायला आम्ही याच पेजेची खळ करायचो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तेव्हाची मी फार हुशार, आणि हुशार माणसाला ठाऊक असलेलं ऐनवेळी आठवत नाही. आता आजी झालेय. त्या बयेला हवी तेवढी नावं ठेवते, ती काही उलट बोलायला येत नाही.

आमचं गाव अलिबागच्या अलीकडे. मुंबईकरांचे बंगले उठले तेव्हा एका बंगल्यावर हळदीकुंकवाला गेले, तर आत ओट्यापाशी एक बाई ताठ उभी राहून भांडी घासत होती. ती तिथे कामाला होती, आणि होती आमच्याच आळीतली. पण मला दिसलं ते फक्त तिचं ताठ उभं राहणं. घरी आले ती तोंड फुगवूनच. आमच्याकडे कोपऱ्यात मोरी; सासूबाईंनी नि मी पाटावर बसायचं, घासायचं, पाणी मागच्या अळवाला जायचं. मी म्हटलं, मोरी बुजवा, ओट्याला सिंक लावा.

सासूबाई म्हणाल्या, "लावा की! उद्या जेवतील पन उभ्यानंच."

शेवटी आमच्या ह्यांनी मोरी बुजवली, पण अट घालून. "आईच्या मनाविरुद्ध करतोय. एकदा जरी तक्रार आली ना, मोरी परत उघडीन आणि सिंक विकून टाकीन."

पहिले काही दिवस मी त्या सिंकला देवासारखं पुसत होते. मासळीसुद्धा मागच्या दारी न नेता त्यातच साफ करायची, उभी राहून, बंगलेवालीसारखी. खवले जाळीत अडकून पाणी जाईना, तेव्हा मी यावर उपाय शोधला: जाळीच काढून टाकली. काय सुरेख जायला लागलं पाणी! मग ते हळूहळू जायला लागलं. मग थांबून, विचार करून जायला लागलं.

"पाणी का गो उभं?" सासूबाईंनी विचारलं.

"भांडी भिजत घातल्येत, आई."

"एक चमचा?"

"चिकट आहे तो."

त्या आठवड्यात आमच्या घरी सगळंच चिकट होतं. सासूबाई बाहेर गेल्या की मी झाडूचा हीर काढून नळीत खुपसायची. दोन हीर आत मोडले. रविवारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला यायचे होते, म्हणजे घरचा जावई, म्हणजे जिताडा मासा आलाच. तो मी सिंकमध्येच साफ केला. जिताड्याचे खवले म्हणजे काय, बोटाच्या नखाएवढे! पाणी जागचं हलेना, म्हणून मग ती पेज.

जेवण झक्क झालं. हात धुवायला भावोजी ओट्यापाशी गेले, नळ सोडला, आणि सिंक काठोकाठ भरलं.

"वहिनी, हे जातच नाय."

"जातं हो, जरा वेळ घेतं."

"मी थांबू का मग?" त्यांनी विचारलं, सरळ मनाने. नणंद पदर तोंडाशी धरून हसत होती. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. नुसते बुजवलेल्या कोपऱ्याकडे बघत होते.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पदर खोचला आणि ओट्याखाली शिरले. सिंकच्या नळीला खाली बाटलीसारखा भाग असतो, तो पिळून निघतो, एवढं बसवणाऱ्याने दाखवलं होतं. खाली बादली ठेवायची असते हे त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. बाटली निघाली आणि सगळं माझ्या मांडीवर. त्यापाठोपाठ पांढरट, घट्ट, मळलेल्या पिठासारखा एक गोळा: खवले, हीर, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी माझी खळ. वर सिंकमध्ये उरलेलं पाणी गुडगुड करून खाली आलं.

बादली कोणीतरी माझ्यापुढे सरकवली. बघते तर सासूबाई. बाटली धुतली, परत बसवली, पाणी सोडून बघितलं. सरसर गेलं. पण आता काय उपयोग!

पाहुणे गेल्यावर हे कुदळ घेऊनच आले. "आई, तू सांग. उघडू मोरी?"

सासूबाईंनी त्यांना कुदळ ठेवून यायला मागच्या दारी पिटाळलं, ते गेल्याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मोरी न्हाय उघडायची. उभ्यानं घासायला लागल्यापासून माझं गुडघं दुखायचं थांबलंय. पन हे बाहेर कुठं बोललीस ना, तर तुलाच त्या कोपऱ्यात बुजवीन."